लांब पल्ल्याची सायकल आणि मांडीचा काच

कोल्हापूरहून कागल, निपाणी, उत्तूर करत आजऱ्याला पोचेपर्यंत सायकलवर ८०-८५ किलोमीटर होतात. पुढे गवसे ओलांडून आंबोलीपर्यंत आणखी पस्तीसेक, आणि घाट उतरून सावंतवाडी गाठली तर दिवसाचा हिशेब दीडशेच्या आसपास जातो. पावसाळ्यात या रस्त्याला तोड नाही. घनसाळ भाताची खाचरं, मधूनच दिसणारी हिरण्यकेशी नदी, आणि आंबोली जवळ आली की रस्त्यावरच उतरलेले ढग. संध्याकाळी परतल्यावर पाय किती भरून आले, चढ कसा काढला, हे सगळे सांगतात. जांघेत कातडी सोलवटली, अंघोळीचं पाणी लागताच आग आग झाली, पुढचे दोन दिवस फेंगडं चालावं लागलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

ते सांगायला हवं. पायात ताकद असूनही केवळ बसवत नाही म्हणून सायकल सोडून देणारे अनेक आहेत. जगातल्या भल्याभल्यांनाही हे चुकलेलं नाही. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये लोरां फिन्यों हा फ्रेंच सायकलपटू शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी पुढे होता. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतची २४.५ किलोमीटरची शर्यत तेवढी उरली होती. बैठकीच्या जागी झालेल्या गळवामुळे त्याला धड बसता येत नव्हतं. तीन हजारांहून जास्त किलोमीटर सायकल चालवून तो प्रतिस्पर्धी ग्रेग लेमाँडकडून अवघ्या ८ सेकंदांनी हरला. त्या दिवशी लेमाँड अफाट वेगाने गेला हे खरंच, पण ८ सेकंदांच्या फरकात त्या गळवाचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल?

आपल्याकडे या दुखण्यावर एकच ठरलेला सल्ला मिळतो: सवय झाली की थांबेल. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे नुकसान होतं. बसल्यावर खाली जी दोन हाडं टेकतात, त्यांच्यावरचा दाब नवख्याला दुखतो. नियमित सायकल चालवली, तर तीन-चार आठवड्यांत ते दुखणं बरंचसं ओसरतं. कातडी घासून जे होतं त्याची जात वेगळी आहे. सोलवटलेल्या जागेवर पुन्हा घासलं तर ती जागा घट्ट होत नाही, आणखी सोलवटते. मुका मार आणि ओरखडा यांत जेवढा फरक, तेवढा या दोन दुखण्यांत आहे. पहिल्याला सराव हे औषध आहे. दुसऱ्याचं कारण शोधून ते दूर करावं लागतं.

आणि आजरा-आंबोली पट्ट्यात ते कारण बहुतेक वेळा ओल हेच असतं.

हे कसं घडतं ते पाहू. मध्यम गतीने चालवणारा माणूस मिनिटाला साधारण ७५ वेळा पायडल फिरवतो, म्हणजे तासाला साडेचार हजार वेळा. सहा तासांत सत्तावीस हजार. तितक्या वेळा प्रत्येक मांडीची आतली बाजू सीटच्या नाकाजवळून खाली-वर जाते. कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात मोजावा इतका तो पातळ, पण कोरडा असेपर्यंत चिवट. तो पाणी प्यायला की फुगतो, पांढरट आणि मऊ पडतो. भात लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्या बायकांच्या पायांची बोटं कुजतात, तेच इथे जांघेत होतं. शिवाय ओलसर कातडी कापडावरून सरकत नाही, चिकटते. कोरड्या कातडीच्या तुलनेत तिचं घर्षण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतं. म्हणजे थर मऊ झालेला, पकड वाढलेली, आणि वर हजारो फेरे. सोलवटलं नाही तरच नवल.

देशावर उन्हाळ्यात घाम येतो तसा वाऱ्याने वाळून जातो. मागे मीठ राहतं, त्याचे बारीक कण खरखरतात, तो त्रास वेगळा. आजऱ्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की घाम वाळतच नाही. आंबोलीत तर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे रेनकोट घातला तर आतून घामाने भिजायचं, नाही घातला तर बाहेरून पावसाने.

त्यात भर पडते रस्त्यावरच्या पाण्याची. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर चाक ते पाणी उचलून थेट सीटखाली आणि पॅंटच्या बुडावर मारतं. ते नुसतं पाणी नसतं. त्यात तांबड्या मातीचे आणि बारीक खडीचे कण असतात. ते कापडात शिरून बसले की पुढचे तीन तास पॉलिश पेपरवर बसल्यासारखे जातात. दिसायला सडसडीत असलेल्या महागड्या सायकलींना मडगार्ड नसतं. लावलं तर सायकल शोभत नाही, असं तरुण मुलांना वाटतं. या भागात जून ते सप्टेंबर मडगार्डशिवाय लांब जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. चारशे-पाचशे रुपयांचं प्लास्टिकचं मडगार्ड कुठल्याही मलमापेक्षा जास्त काम करतं.

आता कपड्यांबद्दल. सुती कापड हवेशीर, म्हणून सायकलवरही सुतीच बरं, असा आपला समज असतो. सुताचा स्वभाव मात्र पाणी धरून ठेवण्याचा आहे. साध्या हवेतही सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा ओढून घेतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. भिजलेली सुती चड्डी जड होते, गोळा होऊन जांघेत शिरते आणि तिची जाड शिवण नेमकी मांडीच्या घडीत काचत राहते. पॅड असलेली सायकलची चड्डी पॉलिएस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडं लायक्रा मिसळून करतात. ती अंगाला चिकटून बसते, त्यामुळे घासायचं ते कापडाच्या बाहेरच्या बाजूला सीटवर घासतं, कातडीवर नाही. यातली मेख एवढीच की तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. आपल्याकडे संकोचापोटी पुष्कळ जण आत नेहमीची चड्डी घालतात, आणि मग दोन हजारांची सायकलची चड्डी घेऊनही काच बसतो तो बसतोच. बाहेर घट्ट कपडा नको वाटत असेल तर वरून सैल हाफ पॅंट घालावी. आत मात्र काही नाही.

पॅड जाड तितकं चांगलं, हाही गैरसमज. जाड मऊ पॅड पाणी जास्त धरतं आणि दुमडतं. हाताने दाबून पाहावं: हाडं टेकतात तिथे घट्ट, मध्ये पातळ, आणि जांघेकडच्या कडेला उभी शिवण नसलेलं, असं पॅड लांबच्या वाटेला चांगलं.

या पॅडला सायकलवाले अजूनही शॅमॉय म्हणतात. पूर्वी ते खरोखरच कमावलेल्या मऊ चामड्याचं असे. युरोपातल्या डोंगरांत राहणाऱ्या बकरीसारख्या एका प्राण्याचं हे नाव. चामडं धुतलं की कडक होई, म्हणून त्याला मऊ ठेवण्यासाठी मलम चोळत. चामडं गेलं, कृत्रिम कापड आलं, मलम मात्र राहिलं. फक्त त्याचं काम बदललं. आता ते कातडी आणि कापड यांच्यामध्ये निसरडा थर म्हणून लावतात.

तयार मलम मिळालं तर उत्तम. नसेल तर पेट्रोलियम जेली चालते. पावसात ती चटकन धुऊन जात नाही हा तिचा मोठा गुण. कापडातूनही ती सहजी निघत नाही हा दोष. खोबरेल तेल दोन-अडीच तासांच्या फेरीला ठीक, त्यापुढे ते कातडीत आणि कापडात जिरून संपतं. घाटाखाली सिंधुदुर्गात कोकमाच्या बियांपासून काढलेलं तेल मिळतं. भेगाळलेल्या टाचांना ते पिढ्यानपिढ्या लावलं जातं. चाळीस अंशांच्या जवळपास गेल्याशिवाय ते नीट वितळत नाही, म्हणून नुसतं लावलं तर खरखरीत गोळ्यासारखं राहतं. थोड्या खोबरेलात गरम करून मिसळलं तर लोण्यासारखं होतं आणि बराच वेळ टिकतं. टाल्कम पावडर मात्र या कामी अजिबात नको. कोरड्या दिवशी, दोन-चार किलोमीटरला ती बरी वाटते. घाम आला की तिचा लगदा होतो, लगद्याच्या गुठळ्या होतात आणि त्याच काचायला लागतात.

मलम कुठे लावायचं याला महत्त्व आहे. दोन्ही जांघांच्या घड्या, मांडीची आतली बाजू जिथे सीटच्या नाकाला लागते तिथे, आणि बसायची दोन हाडं टेकतात तिथे. हात स्वच्छ धुऊन, कातडी पूर्ण कोरडी करून, निघायच्या आधी. आग व्हायला लागल्यावर लावलेल्या मलमाने थोडा आराम पडतो, पण झालेलं नुकसान भरून येत नाही. चार-पाच तासांनी पुन्हा लावावं. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, सहाशेला चाळीस तासांची. अशा वाटेवर मलमाची छोटी डबी आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी चड्डी, या दोन वस्तू पंक्चरच्या सामानाइतक्याच गरजेच्या.

अंगावरचे केस काढण्याबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. स्वच्छतेसाठी म्हणून मोठ्या फेरीच्या आदल्या दिवशी जांघेत वस्तरा फिरवणारे असतात. कापलेल्या केसाचं टोक धारदार होतं आणि मुळाशी सूक्ष्म जखम राहते. घासलं की तिथेच जंतू शिरतात आणि केसतोड उठते. काढायचेच असतील तर आठवडाभर आधी काढावेत. नुसते कात्रीने बारीक केले तर आणखी चांगलं.

सीटचा भाग आता. बाजारात जेल भरलेली जाड आवरणं मिळतात; पहिल्या दहा किलोमीटरला ती गादीसारखी सुखाची वाटतात. पण हाडं त्या मऊ जेलमध्ये रुततात आणि बाजूचं जेल वर येऊन मधल्या नाजूक भागाला आणि मांड्यांना दाबतं. लांब जायचं तर सीट घट्ट हवी, फक्त आपल्या हाडांच्या रुंदीची. ती रुंदी घरी मोजता येते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पाटावर ठेवायचा, त्यावर पातळ कपड्यानिशी गुडघे थोडे उंच ठेवून बसायचं, किंचित पुढे वाकायचं, मिनिटभराने उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खोलगट खुणा दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर माणसागणिक साधारण १० ते १५ सेंटिमीटर भरतं. बायकांमध्ये ते सरासरीने थोडं जास्त असतं. त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद सीट शोधावी.

जुन्या पिढीचे पोस्टमन आणि दूधवाले स्प्रिंगच्या रुंद कातडी सीटवर वर्षानुवर्षं फिरले, त्यांना काही झालं नाही, असं कुणी म्हणेल. त्यांची बसायची पद्धत निराळी होती. ते ताठ बसत, हॅंडल उंच असे, वेग कमी असे आणि दर घराशी उतरणं होई. आजची वाकून चालवायची सायकल आणि चार-चार तासांची सलग बैठक त्यांच्या वाट्याला क्वचितच आली.

काच कुठे बसतो हे नीट पाहिलं तर सायकलमधला दोष सापडतो. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी ज्ञान वाटतं. एकाच बाजूला सोलवटत असेल, तर बहुधा सीट जास्त उंच आहे: पायडल खाली जाताना पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवीकडे हलते आणि एक बाजू जास्त घासते. मागून मित्राला पाहायला सांगावं. कंबर डोलताना लगेच दिसते. उंची तपासायला टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली न्यावं. कंबर न कलता गुडघा सरळ व्हायला हवा. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला सारखे चट्टे पडत असतील तर सीटचं नाक जास्त रुंद आहे. नेमकं हाडांखाली दुखतं, तर सीट अरुंद किंवा फार मऊ. पुढे नाजूक जागी दाब येतो, मुंग्या येतात, बधिर होतं, तर सीटचं नाक वर आहे किंवा हॅंडल फार लांब आणि खाली आहे. बधिरपणा मात्र कधीच अंगावर काढू नये. तिथे नस आणि रक्तवाहिनी दाबली जात असते. सीट पातळी लावून आडवी करावी, गरज वाटली तर नाक एखादा अंश खाली. फार खाली केलं तर माणूस पुढे घसरत राहतो आणि हातावर भार येतो. आणि फक्त जांघेच्या घडीत लाल रेघ उठत असेल, तर सायकलला दोष देऊ नये. तो घामाचा आणि शिवणीचा काच आहे.

सगळं जुळवूनही एक गोष्ट रस्त्यावरच करावी लागते, ती म्हणजे उठणं. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहून वीस-तीस सेकंद चालवलं की दाबलेल्या जागेत रक्त फिरतं आणि कापडाखाली हवा जाते. आजरा ते आंबोली रस्ता चढ-उताराचा आहे, तिथे हे आपोआप होतं. सपाट महामार्गावर विसरायला होतं, म्हणून सपाट रस्त्यावरचं शंभर किलोमीटर घाटातल्या शंभरापेक्षा बुडाला जास्त जड जातं.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण त्यांना सांगणारं फारसं कुणी नसतं. मध्ये खाच असलेली सीट बऱ्याच जणींना सोयीची पडते. पाळीच्या दिवसांत नेहमीचं सॅनिटरी पॅड ओलं होऊन, त्याच्या कडा दुमडून जांघेत जबर काच बसतो. त्या दिवसांत मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरणाऱ्या सायकलस्वारांना हा त्रास होत नाही. नाजूक भागात एका बाजूला सूज राहत असेल, गाठ लागत असेल, तर संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.

आंबोलीत पोचलं की सगळे चहा-भज्यांच्या टपरीवर बसतात. ओल्या चड्डीत तासभर. घासणं थांबलेलं असतं, पण ऊब आणि ओल यांत जंतूंची आणि बुरशीची चैन चालू होते. आधी कपडे बदलावेत. घरी आल्यावर साध्या सौम्य साबणाने धुऊन, न घासता टिपून कोरडं करावं आणि सैल लुंगी किंवा गाऊन घालावा. लाली असेल तर लहान बाळांना लंगोटाच्या चट्ट्यांवर लावतात ते झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावावं. डेटॉल, स्पिरिट अशा जळजळीत गोष्टी उघड्या कातडीवर नकोत.

चड्डी त्याच दिवशी, उलटी करून धुवावी. पावसाळ्यात आजऱ्याच्या घरात कपडा तीन-तीन दिवस वाळत नाही, ही मोठी अडचण. धुतल्यावर ती कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळावी, गुंडाळीवर पायाने उभं राहून पाणी टॉवेलमध्ये जिरवावं आणि मग पंख्याखाली, पॅडची बाजू वर करून टांगावी; रात्रीत वाळते. इस्त्री आणि चुलीची थेट धग लायक्राला मारते. निदान दोन चड्ड्या असाव्यात. दमट चड्डी पुन्हा घालणं म्हणजे कालचे जंतू आज पुन्हा अंगावर घेणं.

आता सगळ्यात काळजीचा भाग. आठवडाभर खाज राहिली, लाल कड असलेला गोल चट्टा पसरत गेला, तर ते बहुधा गजकर्ण आहे. आपण अशा वेळी मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, कातडीची प्रतिकारशक्ती दबते, आणि बुरशी आत निवांत पसरते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारं गजकर्ण गेल्या दशकात भारतभर पसरलं, त्यामागे त्वचारोगतज्ज्ञ या मिश्र ट्यूबच्या गैरवापराला मोठा दोष देतात. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी अशाच एका चिवट बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं; त्यात आपल्या देशाचं नाव गुंफलेलं आहे. जांघेची कातडी आधीच पातळ. तिथे महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावलं तर ताणाच्या कायमच्या रेघा पडतात.

कातडी जपण्याचं महत्त्व सगळ्यात लांबच्या शर्यतींत दिसतं. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. इतक्या लांबच्या वाटेवर माणूस पायांइतकाच कातडीवर टिकतो. तिथे बरोबरची मंडळी स्वाराच्या खाण्यापिण्याइतकंच त्याच्या कातडीकडेही लक्ष देतात. आपल्याबरोबर अशी मंडळी नसतात, म्हणून ते आपलं आपणच पाहायचं.

कातडी सोलवटली असेल तर ती पूर्ण भरून येईपर्यंत सायकल बंद ठेवा. साधारण चार-पाच दिवस पुरतात. केसतोड फोडू नका, पिळू नका. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याने शेका. लाली पसरत चालली, पू आला, ताप आला, गाठ सुपारीएवढी झाली, किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जागा अवघड आहे म्हणून लपवू नका. डॉक्टरांना ती रोजची आहे.